प्राथमिक शाळेचा ताळेबंद : जमा आणि देणे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)

 

जैन परंपरा असे सांगते की, आद्य तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना जवळ बसवून दोन विद्या दिल्या. ब्राह्मीला लिपी शिकविली आणि सुंदरीला अंक. असि, मसि, कृषी, वाणिज्य या जगण्याच्या विद्यांचा उपदेशही त्यांनीच केला. परंतु प्राथमिक शाळेचा विचार करू लागले की प्रथम स्मरण होते ते या दोन कन्यांचे. अक्षर आणि अंक, एवढेच प्राथमिक शाळेचे मूळ काम आहे. बाकी सर्व त्यावर चढविलेला मजला होय. आणि ही दोन्ही दाने प्रथम मुलींच्या हाती पडली, हेही विसरता येत नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या सभेत गौरवाची भाषणे होतात, ती व्हावयासच हवीत. तथापि हा समाज व्यापारी आहे. दिवाळीला वहीपूजन करण्यापूर्वी जुनी वही बंद करावी लागते, आणि ती बंद करताना जमेच्या रकमा मोठ्या अक्षरात व देणे बारीक अक्षरात लिहिण्याची पद्धत कोणत्याही पेढीवर नाही. ट्रस्टने मंदिर, पाठशाळा, धर्मशाळा, औषधालय अशी अनेक कामे केली. त्यांपैकी ज्या कामाचा संबंध सर्वांत लहान माणसाशी येतो, त्या प्राथमिक शाळेचाच हिशेब आज मांडावयाचा आहे.

प्रथम जमा बाजू.

शाळा बाजारपेठेत आहे, हीच तिची पहिली जमा. तिच्या आवारात वाहतुकीचा गोंगाट येतो, धूळ येते, हे खरे. पण जेथे हमाली करणाऱ्यांची, दुकानांत काम करणाऱ्यांची, भाजी विकणाऱ्यांची आणि घरी बसून शिलाई करणाऱ्या भगिनींची मुले पायी चालत येऊ शकतात, तेथेच ती आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीच्या मुलांची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हे तत्त्व त्याच्या नियमांनी घालून दिले. ट्रस्टच्या संस्थापकांनी कोणताही कायदा नसताना बाजारातील मोक्याची जागा दुकानांना न देता शाळेला दिली. त्या काळीही त्या जागेला भाडे चांगले आले असते. ज्यांनी ते भाडे सोडले त्यांची नावे संगमरवरी फलकावर आहेत; त्यांनी काय सोडले, ते मात्र फलकावर लिहिलेले नाही.

दुसरी जमा अशी की, ही शाळा जैनांनी काढली, पण केवळ जैनांसाठी काढली नाही. या बाबतीत समाजापुढे मोठी परंपरा आहे. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने ठिकठिकाणी जैन बोर्डिंगे उभारून खेड्यांतील मुलांच्या शिक्षणाची सोय केली. सोलापूर आणि मुंबई येथील श्राविकाश्रमांनी विधवा व निराधार भगिनींना शिकवून त्यांच्यातून शिक्षिका निर्माण केल्या. आणि कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले, आणि त्या मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. कर्मवीरांनी शाळा काढताना मुलांची जात विचारली नाही. ट्रस्टच्या शाळेच्या हजेरीपटावर आज जी आडनावे दिसतात, ती पाहिली असता ही शाळा त्याच वाटेवर आहे, असे समाधानाने म्हणता येते.

तिसरी जमा शिक्षकांची. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. शिक्षण मोबाइलवर गेले. परंतु ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर सकाळी कामावर जाणारा, त्या घरातील मुलांचे काय? शाळेतील दोन शिक्षिकांनी हाताने अभ्यासाची पाने लिहिली, त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि वस्तीतील किराणा दुकानात ठेवल्या. मुलांच्या आया तेल-मीठ न्यावयास येत, तेव्हा पाने घेऊन जात आणि आधीची सोडविलेली पाने परत ठेवून जात. त्या कामाचा अहवाल कोठे गेला नाही, त्याची बातमी आली नाही, त्यांना कोणताही पुरस्कार मिळाला नाही. झेरॉक्सचे पैसे त्यांनी स्वतः भरले होते, हे ट्रस्टला पुढे बऱ्याच काळाने कळले.

शाळेत शिजणाऱ्या अन्नाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. केंद्राची शालेय पोषण आहार योजना १९९५ साली सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तांदूळ न देता शिजविलेले अन्न द्यावे, असा आदेश दिला. प्राथमिक वर्गातील मुलाला दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, हे त्याचे प्रमाण आहे. शाळेतील खिचडी करणाऱ्या भगिनी हे प्रमाण मोजत नसतील, पण कोणते मूल आज सकाळी उपाशी आले आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने आठवड्यातून एकदा अंडे व अंडे न खाणाऱ्यांना केळे अथवा फळ देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा जैन समाजात अस्वस्थता निर्माण झाली आणि ती स्वाभाविक होती. पुढे २०२५ च्या आरंभी शासनाने त्यासाठीचा निधी थांबविला. त्या वेळी निवेदने देण्यात समाज तत्पर होता. परंतु ज्या मुलाच्या ताटातून प्रथिने नको म्हटली, त्याच्या ताटात मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे-गुळाचा लाडू, दूध यांपैकी काय वाढले, हाही अहिंसेचाच प्रश्न आहे. एका गृहस्थाने मुलांसाठी रोज चिक्की सुरू केली आणि आपले नाव कोठेही येऊ दिले नाही. एवढे एक उदाहरण जमेस धरता येते. ते एकच आहे, हेही नमूद केले पाहिजे.

आता देणे.

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. महावीर जन्मकल्याणकाच्या पत्रिका वाटावयास निघालेले एक विश्वस्त वाटेत शाळेत गेले. तिसरीच्या वर्गात एका मुलीला बाईंनी उभे केले. तिने मराठीचा धडा वाचून दाखविला. उच्चार स्वच्छ, कोठे अडखळणे नाही. विश्वस्तांना आनंद झाला आणि त्यांनी कौतुकाने हातातील पत्रिकाच तिच्यापुढे धरली. त्यातील अवघड नामावली सोडून त्यांनी बोट ठेवले ते एका सोप्या ओळीवर : शोभायात्रा सकाळी आठ वाजता मंदिरापासून निघेल. मुलगी ओळीकडे पाहत राहिली. मग तिने बाईंकडे पाहिले. आणि मग, काहीतरी म्हटलेच पाहिजे म्हणून, तिने तो धडा पुन्हा पहिल्यापासून म्हणावयास सुरुवात केली.

तिला वाचता येत नव्हते. तिला धडा पाठ होता.

विश्वस्तांनी बाईंना नंतर एकांतात विचारले. बाईंनी काहीही लपविले नाही. वर्गातील सुमारे निम्म्या मुलांची हीच अवस्था आहे, असे त्यांनी सांगितले. आणि हे त्यांना माहीत नव्हते असे नाही, तर सांगावयास कोणी विचारले नव्हते, असेही त्या म्हणाल्या.

ही केवळ याच शाळेची स्थिती नाही. प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून देशातील ग्रामीण भागात मुलांच्या घरी जाऊन वाचन व गणित तपासणारा 'असर' अहवाल प्रसिद्ध होतो. पाचवीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, त्यांचे देशातील प्रमाण २०१८ साली ५०.५ टक्के होते. महामारीनंतर २०२२ साली ते ४२.८ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०२४ साली पुन्हा ४९ टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे देशभर निम्मी मुले वाचता न येता प्राथमिक शाळेच्या दारातून बाहेर पडत आहेत. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास समजून वाचता यावे व मूलभूत अंकज्ञान यावे, हे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सर्वांत निकडीचे काम मानले आहे, व त्यासाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. आजार सर्वत्र असला, म्हणून आपल्या घरातील रुग्णास औषध द्यावयाचे नाही असे कोणी म्हणत नाही.

हे असे का होते? शिक्षक शिकवत नाहीत, हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. वर्गात पस्तीस मुले असली, तर त्यांत अक्षर ओळखणारी, शब्द जुळविणारी व सलग वाचणारी अशी तीन प्रकारची मुले असतात. पाठ्यपुस्तक मात्र एकच असते आणि ते पुढे पुढे चालते. ज्याचे मागे राहिले, ते मागेच राहते. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे, परंतु निवृत्त झालेल्या शिक्षकांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत. संचमान्यता, समायोजन, पवित्र पोर्टल या पायऱ्या चढेपर्यंत वर्षे जातात. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक याखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये असे म्हटले आहे. पण ऑनलाइन माहिती भरणे हे अशैक्षणिक काम मानले जात नाही. मुलांचे आधार, आहाराचा रोजचा हिशेब, या ना त्या ॲपवरील छायाचित्रे, यांत बाईंची मधली सुट्टी जाते आणि पुष्कळदा सुट्टीनंतरचा तासही.

हे झाले शासनाकडील कारण. ट्रस्टकडील कारणे याहून कमी नाहीत.

रिक्त जागी ट्रस्टने मानधनावर शिक्षिका नेमल्या, ही जमेची गोष्ट. परंतु ते मानधन किती? पेठेतील कापड दुकानात अनुभवी सेल्समनला जो पगार मिळतो, त्याहून ते कमी आहे. सेल्समनने ठाण चुकीचे फाडले तर नुकसान मीटरमध्ये मोजता येते, म्हणून मालक चांगला माणूस ठेवतो. पहिलीच्या वर्गात जे फाटते ते मोजण्याचे माप पेठेत नाही. साहजिकच चांगली शिक्षिका वर्ष-दीड वर्षात दुसरीकडे जाते आणि पहिलीची मुले पुन्हा नव्या बाईंचा आवाज ओळखू लागतात.

शाळेत ग्रंथालयाचे कपाट आहे. दात्याच्या नावाची पाटी चकचकीत आहे. आतील पुस्तकेही चकचकीत आहेत, आणि दोष नेमका तोच आहे. पुस्तके हरवतील, फाटतील, मग तपासणीत नोंदवहीशी मेळ बसणार नाही, या भीतीने कपाटाला कुलूप आहे. ज्ञानपंचमीला अथवा श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा करणाऱ्या समाजाने पुस्तक फाटण्याची भीती बाळगावी, हे समजू शकते. पण बालवाचनाचे पुस्तक न फाटता जुने झाले, तर ते वाचले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात ज्ञानावरणीय कर्माच्या बंधाची जी कारणे दिली आहेत, त्यांत ज्ञानाच्या मार्गात अंतराय आणणे हेही एक आहे. स्वाध्यायात हे सूत्र अनेकांनी ऐकले असेल. त्या कपाटाच्या कुलपाकडे त्या दृष्टीने पाहावे.

अंतरायाचे दुसरे रूप अधिक अवघड आहे, कारण ते पुण्यकार्याच्या वेषात येते. वर्षभरात शाळेत वह्यावाटप, गणवेशवाटप, दप्तरवाटप, स्वेटरवाटप, कोणाच्या पुण्यतिथीनिमित्त मिठाई, कोणाच्या मासक्षमणाच्या अनुमोदनार्थ भेटवस्तू, असे कार्यक्रम होतात. भावना निर्मळ असते यात शंका नाही. परंतु पाहुणे दहाचे अकराला येतात. मुले सकाळपासून पटांगणात रांगेत बसलेली असतात. मग स्वागत, सत्कार, मनोगते. मग एकेका मुलाने पुढे येऊन वही घेताना दात्यासह छायाचित्र. त्या दिवशी वर्ग होत नाही, आदल्या दिवशी स्वागतगीताचा सराव असल्यामुळे होत नाही. कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन सांगितले आहे. या कार्यक्रमांत गेलेले तास कोणी मोजलेले नाहीत; मोजावेत. आणि तासांपेक्षाही मोठी गोष्ट आहे ती मुलाच्या मनाची. चौथीतील मुलाला समजते की आपले छायाचित्र आपण गरीब आहोत म्हणून काढले जात आहे. गुप्तदानाचा महिमा व्याख्यानांतून ऐकणाऱ्या समाजाला याहून अधिक सांगणे नको.

गणवेशाचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. दानातील गणवेशाचे कापड अनेकदा असे निवडले जाते की ते दिसावयास उठावदार, भावाने स्वस्त आणि अंगावर एप्रिलच्या उन्हात असह्य. वाढत्या मुलासाठी कपडा शिवताना जुने शिंपी शिलाईत माया सोडत. पँटच्या तळाशी, झग्याच्या घेराला, कडेच्या शिवणीत दोन बोटे कापड आत दुमडलेले असे. आई पुढच्या वर्षी ते उसवून कपडा वाढवी. घाऊक शिवलेल्या गणवेशात माया नसते, कारण त्यात प्रत्येक नगामागे थोडे कापड वाचते. दिवाळीनंतर मुलाची मनगटे बाहेर दिसू लागतात. दात्यांनी नगांची संख्या थोडी कमी करावी, पण कापड सुती मिश्रणाचे घ्यावे आणि माया सोडून शिवून घ्यावे. ज्यांना कापडातले कळते त्यांनी तरी येथे स्वस्ताई पाहू नये.

स्वच्छतागृहाबाबत फार बोलण्याची गरज नाही. मुलींचे स्वच्छतागृह बांधलेले आहे; पाण्याची टाकी भरण्याची जबाबदारी कोणावर, हे ठरलेले नाही. ते ठरविण्यास एक बैठक पुरे.

आता ज्या प्रश्नामुळे हा सर्व हिशेब आज मांडणे अगत्याचे झाले, तो प्रश्न. शाळेचा पट घटत आहे. एके काळी येथे प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या भरत. आता एक तुकडी भरण्यासाठी शिक्षकांना मे महिन्याच्या उन्हात घरोघरी फिरावे लागते. समाजातील मुले तर जवळपास दिसतच नाहीत. पाठीमागच्या मोकळ्या जागेत व्यापारी गाळे काढावेत, अथवा मराठी वर्ग टप्प्याटप्प्याने बंद करून इंग्रजी माध्यमाची शाळा काढावी, अशा दोन सूचना ट्रस्टच्या येत्या वार्षिक सभेपुढे येणार आहेत. दोन्ही सूचना करणारे समाजाचे हितचिंतकच आहेत, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. इंग्रजीवाचून मुलाचे अडेल, ही पालकांची भीती खरी आहे. रिक्षा चालविणारा पालकही पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी शाळेत घालतो, तो हौसेने नव्हे.

परंतु अनेकांतदृष्टी बाळगणाऱ्यांनी या वस्तूची दुसरी बाजूही पाहावी. ज्या मुलीला तिच्या घरच्या भाषेतील एक ओळ वाचता आली नाही, तिला परक्या भाषेतील ओळ कशी वाचता येईल? ती तीही पाठच करील. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. तो नीट शिकविला गेला नाही, म्हणून माध्यमच बदलावे, हे म्हणजे शिवण उसवली म्हणून ठाणच फेकून देण्यासारखे आहे. चांगली इंग्रजी शिकविणारी एक पूर्ण वेळ शिक्षिका, तिला योग्य वेतन, आणि मराठी वाचनाचा पक्का पाया, याला इंग्रजी शाळेच्या इमारतीच्या तुलनेत फारच थोडा पैसा लागेल. शिवाय इंग्रजी शाळा विनाअनुदानित राहील, तिला शुल्क आकारावेच लागेल, आणि आज जी मुले या शाळेत आहेत त्यांतील बहुतेक त्या दारातून आत येऊ शकणार नाहीत. गाळ्यांची सूचना याहून सरळ आहे; संस्थापकांनी सोडलेले भाडे परत मागण्याचीच ती सूचना आहे.

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने परिसर-शाळेचा विचार मांडला होता. एका वस्तीतील श्रीमंत-गरीब सर्वांची मुले त्याच वस्तीतील शाळेत एकत्र शिकावीत, म्हणजे शाळा सुधारण्यात सर्वांचाच स्वार्थ राहील, असा तो विचार. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. ट्रस्टच्या शाळेच्या बाबतीत त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले आहे. पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत विश्वस्तांची स्वतःची मुले याच बाकांवर बसत होती. त्या काळी शाळेत गळके छत एका आठवड्यात दुरुस्त होत असे, कारण पाणी विश्वस्ताच्या मुलाच्या वहीवर पडत असे. आज शाळेविषयीचे निर्णय घेणाऱ्या एकाही घरातील मूल या शाळेत नाही. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. आपल्या नातवंडांसाठी जो तो उत्तम तेच पाहणार. पण दुसऱ्यांच्या मुलांसाठी निर्णय घेताना ही वस्तुस्थिती टेबलावर उघडी असावी.

अल्पसंख्याक दर्जाचाही उल्लेख येथे केला पाहिजे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने या निर्णयाचा पुन्हा विचार व्हावा, असे मत नोंदवून प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवले. न्यायालय ठरवील ते ठरवील. इंग्रजी शाळा काढून अल्पसंख्याक प्रमाणपत्र घेतले, तर दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के जागा द्याव्या लागणार नाहीत, असा हिशेब काही चर्चांतून ऐकू येतो. संविधानाने हा हक्क समाजाला आपली भाषा, संस्कृती आणि संस्था जपण्यासाठी दिला आहे. गरिबाचे मूल दाराबाहेर ठेवण्यासाठी तो वापरला, तर कायद्याच्या वहीत चूक दाखविता येणार नाही. दुसऱ्या वहीचे सांगता येत नाही.

करावयाचे काय, हे थोडक्यात. रोजचा पहिला तास पहिली ते चौथी सर्वांसाठी केवळ वाचनाचा असावा. त्या तासात इयत्ता न पाहता मुलाची पातळी पाहून गट करावेत, जो अक्षरांवर आहे त्याला अक्षरे, जो शब्दांवर आहे त्याला शब्द. समाजातील निवृत्त भगिनींनी त्या तासाला येऊन एकेका गटाजवळ बसावे. पाठशाळेत ज्या सूत्रे शिकवितात, त्यांना हे काम मुळीच कठीण नाही. कपाटाचे कुलूप काढावे आणि वर्षाअखेर फाटलेल्या पुस्तकांची यादी अभिमानाने मांडावी. सर्व दाने जूनमध्ये एकाच दिवशी कार्यालयात जमा करावीत व वर्गशिक्षिकेच्या हातून मुलांना शांतपणे पोहोचवावीत. मानधनावरील शिक्षिकांचे वेतन किमान दुप्पट करावे. त्यासाठी स्थायी निधी उभारावयाचा झाला, तर सुवर्णमहोत्सवाच्या भोजनसमारंभावरील खर्चातून आरंभ करता येईल, अशी सूचना काही तरुणांनी केली आहे आणि ती विचारार्ह आहे. दर तीन महिन्यांनी दोन विश्वस्तांनी वर्गात बसून प्रत्येक मुलाकडून पूर्वी न पाहिलेली चार ओळींची चिठ्ठी वाचून घ्यावी, आणि किती मुलांनी वाचली तो आकडा ट्रस्टच्या सभेत जमाखर्चाबरोबर वाचला जावा. शिष्यवृत्तीधारकांच्या फलकाशेजारी हा आकडाही लागावा. फलकावर वर्षाला दोन-चार नावे चढतात. त्या नावांच्या तेजात उरलेला वर्ग दिसेनासा झाला होता.

ही सर्व कामे वार्षिक सभेच्या निर्णयासाठी थांबण्याचे कारण नाही. पत्रिका हातात घेऊन गेलेल्या त्या विश्वस्तांनी गेल्या पावसाळ्यापासून आठवड्यातून दोन सकाळी शाळेत जाण्यास सुरुवात केली आहे. ते दुकान तासभर उशिरा उघडतात. ती मुलगी आता चौथीत आहे. जोडाक्षरे तिला अजून अडवितात, पण साधे वाक्य ती बोट ठेवून वाचते. एप्रिलअखेर तिची चौथी संपेल आणि ती ही शाळा सोडून जाईल. तिच्या वर्गात तिच्यासारखी आणखी अकरा मुले आहेत, आणि त्यांच्याजवळ बसावयास अद्याप कोणी आलेले नाही. वाचनाचा तास सकाळी साडेसात वाजता असतो.

जय जिनेंद्र.